ट्रिगरच्या इंजेक्शननंतर

आयव्हीएफ केलं असं कळलं की लोक दोनच गोष्टी विचारतात: खर्च किती आला, आणि राहिलं का. मधल्या काळात बाईच्या पोटात काय काय चालतं ते कुणी विचारत नाही. माझं जे काही झालं ते त्या मधल्या काळातच झालं, म्हणून तेवढंच सविस्तर लिहिते आहे.

लग्नाला बरीच वर्षं झालेली, पीसीओडी कॉलेजपासूनचा, पाळी कधी दीड महिन्यानं तर कधी अडीच. साताऱ्यात बीज वाढवणाऱ्या लेट्रोझोलच्या गोळ्या झाल्या, आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) झालं, आणि मग पुण्यातल्या एका सेंटरला नाव घातलं. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, वजन चोपन्न किलो. बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं एएमएच आलं 9.1. रिपोर्ट बघून समुपदेशन करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "अरे वा, तुमच्याकडे बीजांचा साठा भरपूर आहे!" आम्हाला आनंद झाला. वय कमी, अंगानं बारीक, पीसीओडी आणि एएमएच साडेतीनच्या वर, ही चारही लक्षणं एकत्र आली की अंडाशय औषधाला गरजेपेक्षा जास्त प्रतिसाद देण्याचा, म्हणजे हायपरस्टिम्युलेशनचा, धोका सर्वांत मोठा असतो, हे त्या वेळी कुणी सांगितलं नाही. त्याच आकड्याचा हा दुसरा अर्थ मला पुढे दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या कळला.

आधी गाठीचं सांगते, कारण सुरुवात तिथून झाली.

मला 'लाँग प्रोटोकॉल' दिला होता. त्यात आधीच्या महिन्यापासूनच रोज ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन सुरू होतं. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी शांत ठेवायची, म्हणजे बीजं वेळेआधी फुटत नाहीत, असा त्यामागचा हिशेब. पण हे औषध शांत करण्याआधी पहिले काही दिवस त्या ग्रंथीला उलट जोरात चालवतं, आणि त्या भरात एखादं फॉलिकल, म्हणजे बीज ज्यात वाढतं ती पाण्याची पिशवी, वाढून बसतं. माझं तसंच झालं. पाळीच्या दुसऱ्या दिवशी आतून सोनोग्राफी केली तर डाव्या बाजूला 38 मिलिमीटरची पाण्याची गाठ. इस्ट्रॅडिऑल, म्हणजे फॉलिकल तयार करतात ते हार्मोन, 140 च्या पुढे. त्या दिवशी ते पन्नासच्या आसपास किंवा खाली असायला हवं होतं. याचा अर्थ गाठ नुसती पडून नव्हती, हार्मोन तयार करत होती. अशा वेळी इंजेक्शनं सुरू केली तर बाकीची फॉलिकल सारखी वाढत नाहीत. म्हणून थांबायचं ठरलं.

घरी गाठ हा शब्द गेला आणि गोंधळ उडाला. आत्याबाईंनी ऑपरेशनला चांगला डॉक्टर सुचवला. जाऊबाईंच्या बहिणीची 'चॉकलेट सिस्ट' काढली होती, तिचा दाखला आला. मी प्रत्येकीला समजावत बसले की ती चॉकलेट सिस्ट एंडोमेट्रिओसिसची असते, तिच्यात जुनं रक्त साठलेलं असतं, ती आपोआप जात नाही. माझ्या पीसीओडीच्या सोनोग्राफीत दिसतात ती बारीक अर्धवट वाढलेली फॉलिकल, त्यांना कापायचं काही कारणच नसतं. आणि माझी ही गाठ तिसऱ्याच प्रकारची, म्हणजे पातळ भिंतीचं, स्वच्छ पाणी भरलेलं एक फॉलिकल, बहुतेक वेळा आपणहून जिरणारं. सुईनं पाणी काढून घेण्याचा पर्याय डॉक्टरांनी सांगितला होता, पण घाई नको म्हणाले. ल्युप्रोलाइड चालू ठेवून पुन्हा तपासलं तेव्हा गाठ 15 मिलिमीटरवर आली होती आणि इस्ट्रॅडिऑलही उतरलं होतं. या थांबण्याला सगळ्यांनी 'लांबलं' म्हटलं. मला ते थांबणं आजही योग्य वाटतं. त्या सेंटरबद्दल माझी तक्रार आहे, पण ती या बाबतीत नाही.

मग एफएसएचची, म्हणजे फॉलिकल वाढवणारी, इंजेक्शनं सुरू झाली, 150 युनिटपासून. फ्रीजमध्ये दाराच्या कप्प्यात, दोन ते आठ अंशांत ठेवायची. सासूबाई माळकरी, त्यांनी सांगितलेलं सोवळं ओवळं त्या फ्रीजमध्ये पाळलं जायचं, आणि आता दह्याच्या सटाशेजारी इंजेक्शनच्या पेनाचा खोका. "कशापासून बनवतात गं हे?" त्यांनी एकदा विचारलं. हे प्रयोगशाळेत बनवलेलं आहे, पण एचएमजी नावाचं जुनं औषध पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून काढलेलं असतं आणि एचसीजी गर्भार बायकांच्या, असं मी सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "बायकांचं बायकांनाच उपयोगी पडतंय म्हणायचं." खोक्याला त्यांनी कधी जागा बदलायला लावली नाही.

खंबाटकी उतरून सोनोग्राफीला पुण्याला जायचं, दुपारी परत यायचं, संध्याकाळी बँकेतल्या मैत्रिणीला फोन करून उद्याचं काम लावायचं. सेंटरच्या बाकावर बसलेल्या बायका एकमेकींना फॉलिकलचे आकडे विचारायच्या. कुणाची सहा, कुणाची नऊ. माझी ऐकली की सगळ्या माझ्याकडे वळायच्या. दोन्ही बाजूंना मिळून तीसच्या पुढे. एका ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांना दोनच होती. त्यांच्यापुढे मी माझ्या आकड्याची काळजी काय बोलून दाखवणार! पण सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर स्क्रीनकडे बघून गप्प व्हायला लागल्या होत्या. डोस 112.5 वर आणला. मग इंजेक्शन थांबवून नुसतं बघायला सुरुवात केली, ज्याला ते 'कोस्टिंग' म्हणतात. इस्ट्रॅडिऑल 5,000 च्या वर गेलं होतं.

आता ट्रिगर. बीजं पक्व होण्यासाठी शेवटचं जे इंजेक्शन देतात ते ट्रिगर. ते ठरल्या मिनिटाला घ्यायचं, कारण त्यानंतर साधारण पस्तीस-छत्तीस तासांनी बीजं काढतात. ट्रिगर दोन प्रकारचं असतं. एक एचसीजी, गर्भारपणात तयार होणारं हार्मोन. ते शरीरात सावकाश उतरतं, आठवडाभर आणि त्याहूनही जास्त रेंगाळतं. इतकं, की त्या काळात घरी प्रेग्नन्सीची कार्ड टेस्ट केली तर दिवस न राहताही दोन रेघा दिसू शकतात. दुसरं ट्रिगर ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिनचं. ते आपल्याच पिट्युटरीकडून बीज पक्व करणारं एलएच हार्मोन सोडवतं, आणि ती लाट साधारण दिवस-दीड दिवसात ओसरते. जास्त फॉलिकल असलेल्या बाईसाठी हे दुसरं कितीतरी सुरक्षित. पण ते चालण्यासाठी पिट्युटरी जागी हवी. माझी तर महिनाभर ल्युप्रोलाइड देऊन निजवून ठेवलेली. म्हणजे लाँग प्रोटोकॉल निवडला त्याच दिवशी सुरक्षित ट्रिगरची वाट बंद झाली होती. शेवटी डोस निम्मा करून 5,000 युनिट एचसीजी दिलं. त्या रात्री तेवढाच पर्याय उरला होता, आणि तो उरण्यामागचं कारण महिनाभर आधीचं होतं. माझी तक्रार आहे ती इथे. पीसीओडीच्या बाईला अँटॅगोनिस्ट प्रोटोकॉल देता येतो, ज्यात सेट्रोरेलिक्ससारखं इंजेक्शन मधूनच काही दिवस घेतात आणि दोन्ही ट्रिगर हाताशी राहतात. आम्हाला तो पर्याय आहे एवढं तरी कुणी सांगायला हवं होतं. संमतिपत्राच्या गठ्ठ्यात इंग्रजीत बारीक अक्षरात एक ओळ होती हायपरस्टिम्युलेशनबद्दल. ती ओळ छापली म्हणजे सांगितलं, असं मी मानत नाही.

एग पिकअपमध्ये, म्हणजे बीजं काढली तेव्हा, 31 बीजं मिळाली. भुलीतून जागी होताना सिस्टर आकडा सांगून अभिनंदन करत होत्या. हायपरस्टिम्युलेशन टाळण्यासाठी कॅबरगोलिनच्या गोळ्या लिहून दिल्या, भरपूर प्रोटीन खा म्हणून सांगितलं, आणि आम्ही संध्याकाळी साताऱ्याला परतलो.

पहिले एक-दोन दिवस पोट जड होतं, ते अपेक्षितच होतं. मग परकराची नाडी रोज सैल करावी लागायला लागली. वजनकाट्यावर चढले तर रोज किलोभर वाढत होतं. खात तर काहीच नव्हते, दोन घास गेले की पोट तुंब. लघवी कमी, गडद पिवळी. सेंटरला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "पिकअपनंतर थोडं फुगतंच मॅडम, गॅस असेल. ओआरएस घ्या." पुढच्या रात्री आडवं पडता येईना. पाठ टेकली की श्वास अडकायचा. तीन उशा लावून बसून रात्र काढली. पुन्हा फोन केला, तेव्हा सकाळी ओपीडीच्या वेळेत या असं सांगितलं.

सकाळपर्यंत न थांबता नवऱ्यानं गावातल्या आमच्या जुन्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमना उठवलं. त्यांनी पोटावर हात ठेवला, जिने चढताना किती दम लागतो विचारलं आणि शेवटची लघवी कधी झाली ते विचारलं. मला ते आठवायलाच वेळ लागला. सोनोग्राफीत एकेक अंडाशय बारा सेंटिमीटरच्या घरात, एरवी ते तीनच्या आसपास असतं. सभोवती पाणी, यकृताच्या वरपर्यंत. रक्त तपासलं तर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, 48. उपचाराआधी तेच 37 होतं. मॅडम माझ्याशी नाही, नवऱ्याशी बोलल्या: "रक्त घट्ट झालंय. हिला घरी ठेवायचं नाही."

रक्त घट्ट का होतं, ते त्यांनी नंतर नीट समजावलं. एचसीजीमुळे ती सगळी सुजलेली फॉलिकल एक रसायन सोडतात, व्हीईजीएफ. त्यानं रक्तवाहिन्या, माठ पाझरावा तशा पाझरायला लागतात. रक्तातलं पाणी आणि प्रथिनं पोटात उतरतात, कधी छातीतही. पोट पाण्यानं टच्च भरलेलं आणि रक्तवाहिन्या मात्र कोरड्या, अशी उफराटी स्थिती. मूत्रपिंडाला रक्त कमी पडतं म्हणून लघवी होत नाही, आणि घट्ट रक्तात गुठळी होण्याचं भय असतं. माझ्या दिरांनी 'लघवीची गोळी' देऊन पाणी का काढत नाही म्हणून विचारलं. साहजिक प्रश्न होता. पण त्या गोळीनं पोटातलं नाही, आधीच आटलेल्या रक्तातलंच पाणी आणखी गेलं असतं.

मल्टिस्पेशालिटी दवाखान्यात दाखल झाले. तिथली शिस्त मला अजून पाठ आहे. रोज सकाळी त्याच काट्यावर वजन. बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर, आणि टेप रोज त्याच जागी लागावा म्हणून कातडीवर बॉलपेननं मारलेल्या खुणा. किती पाणी आत गेलं आणि किती लघवी झाली, त्याचा पलंगाच्या पायथ्याशी टांगलेला तक्ता. सलाइनमधून अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन. पोटावर हेपरिनचं इंजेक्शन, गुठळी होऊ नये म्हणून. राऊंडला येणारे फिजिशियन रोज मान आणि दंड दाबून बघायचे, सूज आहे का, एका बाजूला दुखतं का. पायात गुठळी होते हे ऐकून होते. या आजारात ती मानेत आणि हातातही होऊ शकते हे तिथे कळलं. दुखण्यावर फक्त पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅकसारखी औषधं मूत्रपिंडाला जड जातात म्हणून बंद. कुशीवर वळायचं तेही सावकाश, कारण एवढं मोठं अंडाशय स्वतःभोवती पीळ खाऊ शकतं, आणि मग तातडीनं ऑपरेशनशिवाय इलाज नसतो. पोटात अचानक एका बाजूला कळ आली आणि उलटी झाली तर बेल दाबायची, वाट बघायची नाही, असं प्रत्येक शिफ्टची सिस्टर बजावून जायची.

श्वास सुधारेना तेव्हा सोनोग्राफीत बघत सुई घालून पोटातलं पाणी काढलं. फिकट पिवळं, अडीच लिटर. बाटली भरत होती तसतसा मला पूर्ण श्वास घेता यायला लागला. किती तरी दिवसांनी छातीच्या तळापर्यंत हवा गेली. त्या रात्री मी आडवी झोपले, आणि पहाटे भरपूर लघवी झाली. ती तक्त्यावर लिहिताना रात्रपाळीच्या सिस्टर हसल्या. आता उतार पडेल म्हणाल्या, आणि पडला.

अल्ब्युमिन खाली गेलेलं म्हणून आहारतज्ज्ञांनी अंड्यातला पांढरा भाग सांगितला होता. आमच्या घरात अंडं आलेलं नाही. सासूबाईंनी मागच्या पडवीत वेगळी शेगडी मांडली, वेगळं पातेलं आणलं, आणि अंडी उकडून, सोलून, पिवळं बाजूला काढून डब्यात भरून पाठवायला लागल्या. सोबत शहाळं. पांडुरंगाला काय सांगायचं ते मी बघते, एवढंच त्या नवऱ्याला म्हणाल्या. मी हे लिहिते आहे कारण उपचारांच्या काळात सासरच्यांबद्दल फक्त टोमण्यांचंच बोललं जातं, आणि माझ्या वाट्याला आलेलं हेही तितकंच खरं आहे.

दाखल असतानाच सेंटरहून फोन आला की पाचव्या दिवसाचे सात भ्रूण चांगले झाले आहेत, ट्रान्सफर कधी करायचा, म्हणजे भ्रूण गर्भाशयात कधी ठेवायचा. आमच्या मॅडमनी फोन स्वतः घेतला आणि सगळे गोठवायला सांगितलं. ट्रान्सफर होऊन दिवस राहिले असते तर गर्भानं स्वतःचं एचसीजी बनवायला सुरुवात केली असती, आणि हा सगळा आजार नव्या जोमानं उलटला असता, कित्येक आठवड्यांसाठी. घरातल्या काहींना वाटलं, एवढं सोसून हातचा महिना गेला. मला तसं क्षणभरही वाटलं नाही. उणे 196 अंशाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये भ्रूण ठेवले की ते वाट बघू शकतात. माझं रक्त वाट बघू शकत नव्हतं. पाळी आली तसं एचसीजी उतरत गेलं, पोट ओसरलं, वजन परत चोपन्नवर आलं. हेपरिन मात्र घरी आल्यावरही काही काळ नवरा देत होता.

पैशाचंही सांगायला हवं. दवाखान्याचं बिल आम्ही आरोग्य विम्यात टाकलं, ते नाकारलं गेलं. कारण, वंध्यत्वाचे उपचार पॉलिसीतून वगळलेले, आणि हा त्याच उपचारांचा परिणाम. 2021 च्या एआरटी कायद्यानं बीजदान करणाऱ्या बाईसाठी बारा महिन्यांचा विमा काढणं बंधनकारक केलं आहे, तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत असंही त्यात म्हटलं आहे. चांगलं आहे, कारण तिलाही हाच त्रास होऊ शकतो आणि तिच्या उशाशी बसायला कुणी असेलच असं नाही. पण स्वतःच्या बाळासाठी हीच इंजेक्शनं घेणाऱ्या बाईला तसलं काहीच संरक्षण नाही, हे मला पटत नाही. जीव तोच, धोका तोच.

अंडाशयं पूर्ववत झाल्याची सोनोग्राफी आल्यावर, काही महिन्यांनी, आम्ही भ्रूण दुसऱ्या डॉक्टरांकडे हलवून घेतले. गर्भाशयाचं अस्तर गोळ्यांनी तयार केलं, ट्रिगरचा प्रश्नच नव्हता, एकच भ्रूण ठेवला. मुलगी झाली. ती आता घरभर धावते. तिच्याविषयी लिहायचं तर वेगळं लिहावं लागेल.

यंदा कराडच्या माझ्या मामेबहिणीचं आयव्हीएफ ठरलं. तिचंही एएमएच सातच्या पुढे, तीही पीसीओडीची. पहिल्या भेटीला मी सोबत गेले. तिनं डॉक्टरांना तिथेच विचारलं: प्रोटोकॉल अँटॅगोनिस्ट आहे का? फॉलिकल जास्त झाली तर ट्रिगर कुठलं देणार? ताजा ट्रान्सफर टाळून सगळे भ्रूण गोठवायची तयारी आहे का? आणि रात्री श्वास लागला तर फोन कुणाला करायचा? डॉक्टर अजिबात रागावल्या नाहीत. शेवटच्या प्रश्नावर त्यांनी स्वतःचा नंबर फाइलवर लिहून दिला. बहिणीची फॉलिकल पंचविसाच्या वर गेली, इस्ट्रॅडिऑलही चढलं, पण ट्रिगर ट्रिप्टोरेलिनचं होतं. पिकअपच्या दिवसापासून ती रोज सकाळी वजन, पोटाचा घेर आणि लघवी वहीत लिहून मला फोटो पाठवत होती. थोडं फुगली, वजन किलोभर वाढलं आणि थांबलं. आठवडाभरात पाळी आली. ती शाळेत शिकवायला जायला लागलीसुद्धा. भ्रूण गोठवलेले आहेत, ट्रान्सफर दिवाळीनंतर करायचं म्हणते आहे.